थंडीत ओठ उलतात: काय लावायचं, कसं लावायचं आणि आधी काय बंद करायचं

अजिंक्यतारा_पायथा

दिवाळी सरली, कोरडं गार वारं सुटलं, की साताऱ्यात पंधरा दिवसांत जो तो ओठ उललेला दिसायला लागतो. मग मेडिकलमधून रंगीत, वासाची ट्यूब आणायची, दिवसातून वीस वेळा फिरवायची आणि तरी ओठ फुटलेलेच. असं का होतं ते नीट कळलं तर निम्मा त्रास तिथंच संपतो, म्हणून हा धागा.

ओठाचा जो लाल भाग असतो त्याला घामग्रंथी नाहीत, केस नाहीत आणि तेल सोडणाऱ्या ग्रंथी जवळजवळ नाहीतच. गालाची कातडी स्वतःचं तेल स्वतः काढते, ओठाला ते जमत नाही. वरचा मेलेल्या पेशींचा थरही फार पातळ, म्हणून आतलं पाणी भराभर उडतं. हवा कोरडी असली की आणखी जोरात. थर सुकला की आखडतो, बोलताना किंवा हसताना ताणला की तडकतो. खालच्या ओठाच्या मधोमध उभी चीर पडते ती याचमुळे, सगळ्यात जास्त ताण तिथं बसतो.

बाम, जेली, तूप यातलं काहीही ओठाला पाणी देत नाही. ते झाकण आहे. कोरड्या भांड्यावर झाकण ठेवून काय होणार? आधी पाणी, मग झाकण.

रात्री झोपताना हे करा. स्वच्छ मऊ सुती फडकं कोमट पाण्यात बुडवून पिळा आणि दोन-तीन मिनिटं ओठावर नुसतं धरून ठेवा. घासू नका. सालपटं मऊ होतात, जी सुटायची ती फडक्याबरोबर आपोआप निघतात. फडकं काढलं की ओठ ओलसर असतानाच, म्हणजे मिनिटभराच्या आत, मुगाच्या दाण्याएवढी साधी पांढरी पेट्रोलियम जेली घ्या आणि टिपून टिपून बसवा. लाल भागाच्या कडेबाहेर दोन-तीन मिलिमीटर कातडीवरही गेली पाहिजे. बहुतेकांचं चुकतं ते इथं. मधे भरपूर लावतात आणि कडा व कोपरे कोरडे राहतात.

दिवसा पातळ थर पुरतो: अंघोळीच्या आधी, बाहेर पडताना, जेवून तोंड धुतल्यावर. एवढं नेमानं केलं तर आठवड्यात फरक दिसतो आणि दोन-तीन आठवड्यांत ओठ भरून यायला हवेत. नाही आले तर कारण हवेत नाही, दुसरीकडे आहे.

विटेकर

जेली की बाम, काय घ्यावं? बामला वास असतो, जेली चिकट वाटते.

अजिंक्यतारा_पायथा

ओठ फुटलेले असेपर्यंत साधी जेली. रॉबर्ट चेसब्रो यांनी १८७२ साली अमेरिकेत हिचं पेटंट घेतलं, पण पाणी अडवण्याच्या कामात एवढी स्वस्त आणि एवढी निरुपद्रवी दुसरी वस्तू आजही सापडत नाही.

बाम घ्यायचाच तर ट्यूबच्या मागची बारीक अक्षरं वाचा. मेंथॉल, कापूर, पुदिन्याचं किंवा दालचिनीचं तेल, सॅलिसिलिक अॅसिड, 'फ्लेवर', यातलं काही दिसलं तर परत ठेवा. मेंथॉलनं गार वाटतं म्हणून आराम पडल्यासारखं होतं, पण चिरलेल्या ओठाला ते टोचतं. सॅलिसिलिक अॅसिड तर सालपटं काढणारंच औषध, ओठ आधीच सोलवटलेला असताना ते कशाला? टोचलं की जीभ फिरते, जीभ फिरली की सुकतं, सुकलं की पुन्हा बाम. लोक म्हणतात बामची सवय लागली. लागलेली असते ती या फेऱ्याची.

कृष्णाकाठची

दादा, जिभेचं तुम्ही ओझरतं लिहिलंत. लहान मुलांत तेच मूळ असतं, म्हणून सविस्तर लिहिते.

ओठावर जीभ फिरवली की दहा-पंधरा सेकंद बरं वाटतं. ती लाळ उडून जाताना ओठातलाही ओलावा नेते. शिवाय लाळेत अन्न पचवणारे घटक असतात, ते घासाचं काम करतात तसंच नाजूक कातडीलाही त्रास देतात. मुलाच्या तोंडाभोवती जीभ पोचते तिथवर लाल, खरबरीत कडं दिसलं, आणि त्याच्या बाहेरचा गाल एकदम ठीक असला, तर हमखास समजा की हे चाटण्याचं आहे. गजकर्ण समजून लोक त्यावर भलतंच काहीतरी लावतात.

'चाटू नको' म्हणून ओरडून उपयोग नाही, मुलाला ते कळतच नसतं. त्या कड्यावर जेलीचा जाड थर द्या: शाळेत जाताना, मधल्या सुट्टीत, घरी आल्यावर, झोपताना. चवीचं काही लावू नका. स्ट्रॉबेरीचा बाम, साय, साखर घातलेलं तूप, सगळं मूल चाटणारच. जेलीला चव नाही हा तिचा मोठा गुण आहे.

आणि नाक बघा. नाक चोंदलेलं असलं की मूल रात्रभर तोंड उघडं ठेवून झोपतं आणि सकाळी ओठ पापडासारखे. मेडिकलमध्ये साध्या मिठाच्या पाण्याचे नाकात घालायचे थेंब मिळतात. झोपण्याआधी ते घालावेत. महिनोन् महिने तोंडानंच श्वास चालत असेल, घोरणं असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं.

जत_रोड

आमच्याकडे बेंबीत तेल घालतात ओठ फुटले की. आजी लोक ठामपणे सांगतात. खरंच काही होतं का?

त्वचा_ओपीडी

नाही होत. बाळ पोटात असताना नाळेच्या रक्तवाहिन्या चालू असतात. जन्मानंतर त्या बंद होऊन त्यांच्या नुसत्या दोऱ्या उरतात. बेंबीतून ओठापर्यंत तेल न्यायला वाट नाही. मात्र तेलाचा हात असतोच, तर आजीबाई दोन बोटं ओठावरूनही फिरवतात. गुण आला तर तो त्या दोन बोटांचा.

बाकी घरगुती गोष्टींचं एकेक सांगतो.

तूप चालतं. साजूक, बिनमिठाचं, ताजं. जेलीइतकं पाणी अडवत नाही, म्हणून जास्त वेळा लावावं लागतं. लोणी आणि साय नको. दोन्हींत पाणी आणि दुधाचा अंश असतो, तो ओठावर आंबतो.

ग्लिसरीन नुसतं लावू नका. ते पाणी ओढून घेतं. हवेत ओलावा असला तर हवेतून, कोरड्या थंडीत ओठातूनच. एक भाग ग्लिसरीन, दोन भाग पाणी असं पातळ करून ओल्या ओठाला लावा आणि लगेच वर जेली द्या, मग काम करतं. मधाचंही तसंच, तो पाणी धरतो पण झाकत नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या ओठाला मात्र मध अजिबात लावू नये, त्यातून बोट्युलिझमचा, म्हणजे जंतूंच्या विषाच्या गंभीर बाधेचा, धोका असतो.

लिंबू, साखरेनं घासणं, टूथब्रशनं सालपटं काढणं, हे तिन्ही बंद. लोंबणारं सालपट ओढून काढलं की त्याच्याबरोबर न पिकलेली कातडी निघते आणि रक्त येतं. अडतच असेल तर फडक्यानं भिजवून, उकळून घेतलेल्या बारीक कात्रीनं फक्त लोंबतं टोक कापा.

पाण्याबद्दल: थंडीत तहान कमी लागते, पाणी कमी जातं, ते भरून काढा. पण चार-चार लिटर पाणी ढोसून वरून उडणारा ओलावा थांबत नाही.

दंतवैद्य_मिरज

टूथपेस्टकडे कुणाचं लक्ष जात नाही. ब्रश करताना आरशात बघा: फेस खालच्या ओठावर आणि दोन्ही कोपऱ्यांत साचतो, दोन-तीन मिनिटं तिथंच राहतो. त्या फेसात सोडियम लॉरिल सल्फेट हे फेस आणणारं रसायन असतं, झणझणीत पुदिना किंवा दालचिनी-लवंगेचा अर्क असतो. चूळ भरतो ती तोंडाच्या आत. ओठावरचा फेस हातानं नुसता पुसला जातो आणि पातळ थर तसाच वाळतो.

ब्रशच्या आधी ओठाला आणि कोपऱ्यांना जेलीचा हात फिरवा, वाटाण्याएवढीच पेस्ट घ्या, नंतर ओठ बाहेरून साध्या पाण्यानं धुवा. ओठ बाराही महिने फुटत असतील तर चार आठवडे बिनवासाची, लॉरिल सल्फेट नसलेली पेस्ट वापरून बघा. फरक पडला तर दोषी सापडला.

दुसरं म्हणजे तोंडाचे कोपरे. फक्त कोपऱ्यांत, दोन्ही बाजूंना, पांढुरकं ओलसर होऊन चिरतं, तोंड उघडलं की दुखतं, ते साधं ओठ फुटणं नव्हे. तिथं बहुतेक वेळा बुरशीचा किंवा जंतूंचा संसर्ग असतो. कवळी वापरणाऱ्यांत फार दिसतं: कवळी झिजली की जबडा जास्त मिटतो, कोपऱ्याला घडी पडते, घडीत लाळ साचते. कवळी रात्री काढून, घासून पाण्यात ठेवायची आणि तिची उंची दातांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्यायची. कवळी नसताना असं सारखं होत असेल तर हिमोग्लोबिन, बी-१२ आणि रक्तातली साखर तपासा. नुसती जेली लावून ते जाणार नाही.

मिशरीबद्दल लिहिलं नाही तर आपल्या भागात हा धागा अपुरा राहील. भाजलेली तंबाखू ओठाच्या आत घासून वर पाच-दहा मिनिटं धरायची, नाहीतर तंबाखू-चुन्याची गोळी खालच्या ओठात ठेवायची, याला उतारा म्हणून कोणताच बाम नाही. आत पांढरा चट्टा दिसला, बोटाला जाड लागला, तर त्याच आठवड्यात दाखवा.

मधुबन_जावळी

घरी बाम करणाऱ्यांसाठी प्रमाण देतो. आपल्या जिल्ह्यात मेणाला तोटा नाही. महाबळेश्वरात मधपेट्यांचा व्यवसाय जुना आहे, आणि तिथलं मांघर २०२२ साली 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. मध विकणाऱ्याकडे मेण मागा, बहुतेकांकडे असतं.

थंडीसाठी, एकूण २५ ग्रॅम: मधमाशीचं मेण ५ ग्रॅम, कोकमतेल ४ ग्रॅम, तीळतेल किंवा गोडं बदामतेल १२ ग्रॅम, एरंडेल ४ ग्रॅम. १० ग्रॅमच्या अडीच डब्या भरतात. चमच्याच्या अंदाजानं करू नका, एक ग्रॅम दाखवणारा काटा हवा. एक ग्रॅम मेण कमीजास्त झालं तरी पोत बदलतो.

पातेल्यात बोटभर पाणी गरम करा, त्यात स्टीलची वाटी ठेवा. मेण थेट आचेवर कधी नको, पेट घेतं. वाटीत आधी मेण किसून टाका. ते ६२ ते ६४ अंशांना वितळतं. मग कोकमतेल टाका, ते ४० अंशांच्या आसपास वितळणारं असल्यानं लगेच मिसळतं. मग दोन्ही तेलं. तेल ओतताच मेणाच्या पांढऱ्या गुठळ्या दिसतील, घाबरू नका, हळू ढवळत राहा, पुन्हा पारदर्शक होतं. पारदर्शक झालं की वाटी बाहेर काढा आणि 'ई' जीवनसत्त्वाच्या ४०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलला सुई टोचून अर्धी पिळा. तेल खवट होणं त्यानं लांबतं. ते जंतू मारत नाही, म्हणून आत पाण्याचा थेंबही जाता कामा नये.

डबीत ओतण्याआधी गार स्टीलच्या ताटलीवर एक थेंब टाका. दोन मिनिटांत तो धुरकट होतो. बोटानं दाबा. खळगा पडून बोटाला पातळ थर आला तर बरोबर. पापडी सुटली तर मेण जास्त, चमचाभर तेल वाढवा. थेंब ओघळला तर अर्धा ग्रॅम मेण. डबीत एकदा ओतल्यावर हे सुधारायचं म्हणजे सगळं पुन्हा वितळवणं आलं.

मेण खरं की मेणबत्तीचं, हे ओळखायचं तर छोटा तुकडा बोटांत मळा. मधमाशीचं मेण उबेनं मऊ होतं, थोडं चिकटतं, मधाचा वास येतो. पॅराफिन निसरडं लागतं, चुरा होतो, वास नसतो.

पोळ्याचं कच्चं मेण मिळालं तर तिप्पट पाण्यात मंद आचेवर वितळवून पंचातून गाळा आणि रात्रभर हलवू नका. सकाळी वर पिवळी चकती येते, तिच्या बुडाचा तपकिरी थर सुरीनं खरवडा आणि हेच पुन्हा एकदा करा. बोअरचं जड, क्षारांचं पाणी घेऊ नका, मेणाचा साबणासारखा फेस होऊन चकती भुसभुशीत येते.

शिराळा_४१५

खोबरेल का नाही घेतलं? घरात तेच असतं.

मधुबन_जावळी

खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठतं. डिसेंबरात पहाटे डबीतला बाम दगड होतो, बोटाला येत नाही, मग ओठावर घासून लावावा लागतो. निम्मं खोबरेल, निम्मं तीळतेल चालेल. शेंगतेलही चालतं, पण तळाला गाळ असलेलं नको, लवकर खवटतं.

पाचवड_फाटा

माझ्या बामात रव्यासारखे बारीक दाणे आले. लावताना टोचतात. मेण वितळलं नाही का?

मधुबन_जावळी

मेण नव्हे, कोकमतेल. सावकाश गार झालं की त्यातली स्निग्धं वेगवेगळ्या वेळी गोठतात आणि दाणा धरतो. वाया काही गेलेलं नाही. पुन्हा पूर्ण वितळवा, पाच मिनिटं तसंच गरम ठेवा, ओता आणि डबी उघडीच पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. झाकण थंड झाल्यावरच लावा, नाहीतर आतल्या बाजूला वाफेचे थेंब जमतात आणि बुरशीला पाणी मिळतं. मध किंवा कोरफडीचा गर घालायचा मोहही याचसाठी टाळा. तेलात तो मिसळत नाही, तळाशी बसतो, आठवड्यात वास मारतो.

फडावरचा_पाला

सांगली-कऱ्हाड पट्ट्यात थंडी म्हणजे ऊसतोडीचे दिवस. फडात काम करणाऱ्यांना वरचं सगळं लागू होतं, पण थोडा फरक करावा लागतो. उसाच्या पानावरची बारीक कूस आणि पाचटाची धूळ उडते. ओठावर जेलीचा जाड थर असला की ती त्यात चिकटून बसते आणि ओठ घासले की चरचरतं. फडात जाताना जेलीचा अगदी पातळ हात द्यावा आणि वरून सुती रुमाल नाका-तोंडावर सैल बांधावा. लोकरीचा मफलर नको, श्वासानं ओला होतो आणि ओल्या लोकरीचे धागे ओठाला घासतात. रुमाल ओला झाला की बदलायचा. दुपारी भाकरी खाण्याआधी ओठ पाण्यानं धुवायचे, मग जेवायचं, मग पुन्हा लावायचं. धुळीवरच जेली चोपडत राहिलं तर चिरेत माती जाते.

गुऱ्हाळावर चुलवाणासमोर बसणाऱ्यांचं वेगळं. समोरून कोरडा जाळ, पाठीला पहाटेचं गार वारं. तिथं दर तासाला लावणं भाग आहे.

पसरणी_घाट

महाबळेश्वर-पाचगणीला रोज दुचाकीवर जाणाऱ्यांनी ऊन विसरू नये. गारवा असला की ऊन लागत नाही असं वाटतं. उंचीवर अतिनील किरण वाढतात, दर हजार मीटरला साधारण १० टक्के, आणि महाबळेश्वर तेराशे मीटरच्या वर आहे. खालचा ओठ पुढे असतो, ऊन सरळ त्यावर पडतं. दिवसा एसपीएफ (ऊन अडवण्याचा आकडा) ३० किंवा त्याहून जास्त असलेला ओठाचा बाम, बाहेर पडण्याआधी पंधरा मिनिटं आणि नंतर दर दोन तासांनी. हेल्मेटची काच खाली घेतली तर वारंही अडतं.

त्वचा_ओपीडी

हे महत्त्वाचं बोललात. याच जागी पाच गोष्टी सांगतो, ज्यांत घरी बसून चालत नाही.

खालच्या ओठावर एकाच जागी खरबरीत, पांढुरका किंवा खपलीचा डाग, जो थंडी संपली तरी जात नाही. ओठ आणि कातडी यांच्यामधली रेघ पुसट झालेली. वर्षानुवर्षं उन्हात काम केलेल्यांत हा बदल होतो, आणि त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. बारीक तुकडा काढून तपासला की निकाल लागतो. मिरजेच्या सिव्हिलला किंवा जवळच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, जेली लावत उन्हाळ्याची वाट बघू नका.

एका जागी आधी झिणझिण्या, मग पाण्यानं भरलेल्या बारीक फोडांचा घोस आला तर ती हर्पीस, विषाणूचा संसर्ग. असायक्लोविर ५ टक्के मलम झिणझिण्या येताच, दिवसातून पाच वेळा लावलं तर उपयोग होतो, खपली धरल्यावर नाही. खपली पडेपर्यंत टॉवेल, बामची डबी, ग्लास वेगळा आणि तान्ह्या बाळाची पापी अजिबात नाही.

मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर ओठ सुकणं जवळजवळ ठरलेलंच. गोळी मनानं बंद करू नका, पहिल्या दिवसापासून जेली दर दोन तासांनी, आणि डॉक्टरांना सांगा.

नव्या लिपस्टिकनंतर किंवा नव्या बामनंतर ओठ सुजले, खाजले, तर ती अॅलर्जी. लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतलं मेण), सुगंध, एरंडेल, अगदी मधमाशीच्या मेणातलं प्रोपोलिस, म्हणजे पोळ्यातला डिंकसुद्धा काहींना चालत नाही. म्हणून घरचा बाम नवा असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन दिवस लावून बघा. न चाललं तर साधी जेली.

आणि शेवटचं, कळकळीनं. गजकर्णासाठी मेडिकलमध्ये तीन-तीन औषधं एकत्र केलेल्या ट्यूब मिळतात, त्या ओठाला आणि तोंडाभोवती लावू नका. त्यात जोरकस स्टिरॉइड असतं. दोन दिवसांत लाली जाते, पण कातडी पातळ होते, आणि बंद करताच तोंडाभोवती बारीक पुरळ उठतं. मग ते शमवायला पुन्हा तीच ट्यूब. मुलांच्या लाल कड्यावर तर चुकूनही नको.

कृष्णाकाठची

मुलाच्या कड्यावर हीच ट्यूब महिनाभर लावलेली असेल तर? एकदम थांबवायची का?

त्वचा_ओपीडी

महिनाभर लावली असेल तर ताई, ट्यूब सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा, म्हणजे आत काय आहे ते कळेल. थांबवल्यावर आठवडा-दोन आठवडे लाली वाढलेली दिसते, ती उतरते. त्या दिवसांत घाबरून परत ट्यूब लावणं एवढंच टाळायचं. जेली चालू ठेवा.

विटेकर

बाम केलेल्या वाटीचं मेण निघत नाहीये. घासणीनं घासलं तर घासणीच चिकट झाली.

मधुबन_जावळी

पाणी घालूच नका आणि मोरीत तर ओतूच नका, नळीत गोठलं की तुंबतं. वाटी पुन्हा गरम पाण्यात ठेवून आतलं मेण पातळ करा, वर्तमानपत्राच्या बोळ्यानं गरम असतानाच पुसा, दोन बोळे लागतील. मग बेसन किंवा कोरडी राख टाकून फिरवा आणि शेवटी साबण. पुढच्या वेळी बामसाठी एक वाटी वेगळीच ठेवा, आणि डबीवर केल्याची तारीख चिकटवा. तीळतेलाचा बाम पाच-सहा महिने टिकतो, खवट वास आला की त्याआधीही टाकून द्या.